अंगणातील पाखरे आणि घरातील वडीलधारी

महागावसारख्या गावी अंगणातील कोंबड्या-बदके ही वृद्धांची आवडती सोबत. ती सोडण्याचे कारण नाही. सावधपणा मात्र हवा. २००६ मध्ये नवापूरला कोंबड्यांमधील देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. २०२१ मध्ये तो परभणीजवळच्या मुरुंब्यात आला. बदके आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकतात. म्हणून त्यांना कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे. निरोगी दिसणाऱ्या पाखराच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात; त्यांमुळे होणारे जुलाब वार्धक्यात जिवावर बेततात. पाखरांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, अंडी पूर्ण शिजवावीत. खुराड्याची सफाई घरातील तरुणांनी, नाकातोंडाला फडके बांधून, पाणी शिंपडून करावी. पाखरे अचानक दगावू लागल्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.