कुकरची शिट्टी आणि पार्किंगमधला कॉलम

१४ एप्रिल २०१२, आंबेडकर जयंतीची सुट्टी. सकाळी अकराच्या सुमारास वाशीतल्या आठव्या मजल्यावरच्या घरात मी पेपर चाळत बसलो होतो. खिडकीची काच थरथरली, छताचा दिवा हलायला लागला आणि लिफ्ट एकदम खाली सुटावी तसं पोटात झालं. पाच-सहा सेकंदांचा खेळ. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "डीजे आला वाटतं चौकात." शेजारच्या काकांनी दार उघडून निदान केलं, "क्वारीत सुरुंग लावला असेल." नवी मुंबईत डोंगर फोडण्याची इतकी सवय झाली आहे की जमीन स्वतःहून हलू शकते हे आम्हाला सुचतही नाही. थोड्या वेळाने टीव्हीवर कळलं की कोयना परिसरात ४.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. म्हणजे आमच्यापासून दोनशे किलोमीटरवर.

त्या रात्री घरात कुणाला धड झोप लागली नाही. उशीवर डोकं टेकलं की पलंग हलतोय असं वाटायचं. नीट लक्ष दिल्यावर कळायचं की ते आपलंच काळीज आहे. संध्याकाळी मात्र गेटजवळ जी सभा भरली तिथे भीतीचा मागमूस नव्हता. तिथे दोन सिद्धान्त मांडले गेले. पुढे प्रत्येक धक्क्यानंतर मी तेच ऐकत आलो आहे, म्हणून त्यांचा एकदा समाचार घ्यायचा आहे.

पहिला सिद्धान्त असा : हा सह्याद्रीचा काळा कातळ आहे. भूकंप व्हायचे ते हिमालयात आणि जपानात. आपल्याकडे फक्त लांबचा हादरा येतो.

हे मत अडाण्यांचं नव्हे. दख्खनचं पठार स्थिर आहे असं जाणकारही मानत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, सुमारे दोनशे माणसं गेली आणि या समजाला पहिला तडा गेला. तरी पुढे देशाचा जो भूकंपप्रवण नकाशा झाला, त्यात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. नंतर नकाशा दुरुस्त झाला. लातूर वरच्या पट्ट्यात गेलं. म्हणजे नकाशा जमिनीच्या मागून धावत होता. कातळ अखंड आहे म्हणणाऱ्यांनी एकदा वज्रेश्वरीच्या कुंडात पाय बुडवून यावं. वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, खाली राजापूर अशी गरम झऱ्यांची रांगच या किनारपट्टीला आहे. कातळाला भेगा नसत्या तर खोलवरचं कढत पाणी वर आलं असतं कुठून? आणि पनवेलच्या आसपास तर एरवी आडवे पसरलेले बसाल्टचे थर समुद्राकडे वाकलेले आहेत. भूशास्त्रज्ञ त्याला पनवेल फ्लेक्सर म्हणतात.

शिवाय आपण कातळावर तरी राहतो का? वाशी-नेरूळचा कितीतरी भाग खाजणं, मिठागरं आणि भातखाचरं बुजवून उभा आहे. मऊ चिखलाचा थर लांबून आलेली लाट मोठी करतो. १९८५ साली मेक्सिको सिटीत ते जगाने पाहिलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं होतं.

दुसरा सिद्धान्त जास्त लोकप्रिय आहे, कारण त्यात दिलासा आहे. "छोटे छोटे धक्के येऊन गेलेले बरे. कुकरची शिट्टी झाली, वाफ निघून गेली." काकांनी हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की दोघे-तिघे लगेच घरी गेले.

आता हिशेब करू. तीव्रता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. १९६७ च्या कोयनेच्या धक्क्याइतकी वाफ सोडायची तर २०१२ सारख्या शंभराहून जास्त शिट्ट्या व्हायला हव्यात. कुठला कुकर असा चालतो? इतिहासही काकांच्या बाजूचा नाही. कोयनेचा जलाशय भरू लागल्यापासून तिथे बारीक धक्के येतच होते, मोठा त्यानंतर आला. किल्लारीच्या परिसरात १९९२ साली धक्क्यांची मालिका होऊन गेली होती, वर्षभराने गाव गेलं. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ साली महिनोन् महिने किरकोळ धक्के बसत होते आणि एका जबाबदार अधिकाऱ्याने नेमका हाच, ऊर्जा निघून जाते आहे हा धीर लोकांना दिला. आठवड्याभरात तीनशेहून अधिक माणसं मेली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

याचा उलटा अर्थही काढू नये. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून शेकडो धक्के बसले, मोठा भूकंप झालेला नाही. तिथे २०१९ च्या फेब्रुवारीत एक लहानगी गेली ती घराबाहेर धावताना पडून. भूकंपामागून नंतरचे धक्के येतात, दिवसागणिक त्यांची संख्या घटत जाते. हा नियम जपानच्या ओमोरींनी १८९४ सालीच मांडला. पण समोरचा धक्का हा नंतरचा आहे की पुढच्याची वर्दी आहे, ते त्या क्षणी कुणालाही ओळखता येत नाही. म्हणून "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, नासाचा इशारा" असा मेसेज पुढे ढकलणारा भाचा आणि शिट्टीवाले काका मला एकाच घराण्यातले वाटतात. दोघांनाही जमिनीच्या पोटातलं कळतं.

मग आपल्याला कळण्यासारखं काय आहे? जिन्यापेक्षा टेबलाखाली जाणं बरं, लिफ्ट नको, एवढं आता शाळेतली पोरंही सांगतात. माझा मुद्दा वेगळा आहे. किल्लारीत माणसं जमिनीने मारली नाहीत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपेत अंगावर आलं. आपलं माळवद कोणतं, हे शोधायला हवं.

ते शोधायला अहमदाबादला जावं लागतं. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं आणि केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. तेव्हाच्या नकाशात अहमदाबाद तिसऱ्या पट्ट्यात होतं, मुंबई-नवी मुंबईही तिसऱ्याच. पडलेल्यांपैकी पुष्कळ इमारती स्टिल्टवर उभ्या होत्या : वर घरं, खाली पार्किंग. वरच्या मजल्यांना भिंतींमुळे ताठपणा असतो. खाली नुसते कॉलम. जमीन हलली की सगळा झोल त्या कॉलमवर येतो, माणसाचे गुडघे मोडावेत तसा. आता आपल्या सेक्टरमधून एक फेरी मारा आणि ज्यांच्या खाली गाड्या नाहीत अशा इमारती मोजा. बोटं उरतील.

यावर उपाय नाही असं नाही. कॉलमना जाकिट घालता येतं, काही गाळे भिंतींनी भरून ताठपणा आणता येतो. नव्या बांधकामात रिंगा जवळजवळ बांधायच्या आणि त्यांचे हुक १३५ अंशांत आत वळवायचे, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. सळई वाकवणाऱ्याच्या हातातलं हे मिनिटभराचं काम आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करावं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत आहेच. मात्र आमच्याकडे आलेल्या अहवालात ओल, गंज आणि प्लास्टर होतं. इमारत आडवी हलली तर काय, याला एक ओळही नव्हती. आम्हीही ती मागितली नव्हती.

"रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग खर्च कशाला?" हा शेवटचा बचाव. होईल, जरूर होईल. तोवर त्याच कॉलमांवर झोपायचं आहे. आणि पैसा नाही म्हणावं, तर लॉबीला ग्रॅनाइट आम्ही त्याच वर्षी बसवलं.

पुढच्या वार्षिक सभेत मी ऐनवेळच्या विषयात इमारतीचे मूळ नकाशे मागितले. सेक्रेटरींनी महिनाभराने माळ्यावरून एक गुंडाळी काढली. वाळवीने पायाचा भाग खाल्ला होता, पार्किंगचा शिल्लक होता. तो घेऊन आम्ही दोघं खाली गेलो आणि टेपने मोजू लागलो. कोपऱ्यातला एक कॉलम कागदापेक्षा दोन इंच कमी भरला. कडा छिन्नीने तासून, वर सिमेंट लिंपून, पिवळे-काळे पट्टे मारलेले. वॉचमनमामांना विचारलं.

"ते होय," मामा म्हणाले, "मोठी गाडी घेतली ना साहेबांनी. दार उघडत नव्हतं."