न मोजलेलं बहुमत

या आठवड्यात वाहिन्यांवरच्या चर्चांत पुन्हा तेच ऐकायला मिळालं. आघाडीचं सरकार म्हणजे ओढाताण, अल्पमतातलं म्हणजे तर विचारूच नका, आणि पुरावा म्हणून ठरलेला दाखला: वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. हा दाखला देताना आवाज थोडा हळवा करायचा असतो. जणू ते एक मत म्हणजे लोकशाहीला लागलेला बट्टाच. मला नेमकं उलट वाटतं. 17 एप्रिल 1999 हा आपल्या संसदेच्या चांगल्या दिवसांपैकी एक होता. बट्टाच शोधायचा असेल तर दिल्लीपर्यंत जायला नको; तो 12 नोव्हेंबर 2014 रोजी मुंबईच्या विधान भवनात सापडतो. राजभवनातल्या पहाटेच्या शपथविधीवर या स्तंभात इतक्यांदा लिहून झालं आहे की वाचकांनाही आता त्याचा कंटाळा आला असेल. आज पहाट नको. भर दिवसा, अध्यक्ष आसनावर असताना काय झालं ते पाहू.

आधी दिल्ली. जयललितांच्या अण्णाद्रमुकने 18 खासदारांचा पाठिंबा काढून घेतला आणि राष्ट्रपती नारायणन यांनी वाजपेयींना विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितलं. मायावती तटस्थ राहतील असा सरकारचा समज होता. बसपाने विरोधात मत दिलं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश मोडून विरोधात गेले. गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वीच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकीचा राजीनामा द्यायचा राहिला होता, किंवा राहू दिला होता. मुख्यमंत्र्याने लोकसभेत मत द्यावं का, यावर गदारोळ झाला आणि अध्यक्ष बालयोगी यांनी तो प्रश्न गमांग यांच्या विवेकावर सोडला. विवेकाने पक्षादेश पाळला. सरकारच्या बाजूने 269, विरोधात 270. देशाने हे दूरदर्शनवर पाहिलं. यात उदात्त काही नव्हतं. हिशेब होते, सूड होते, आणि गमांग यांचं मत नैतिकदृष्ट्या लंगडं होतं हेही मान्य. पण कोण कुठे उभा आहे हे प्रत्येकाला दाखवावं लागलं, आणि त्याचं ओझंही वाहावं लागलं. सोझ यांना पक्षाने काढलं; पुढे ते काँग्रेसमध्ये गेले आणि केंद्रात मंत्री झाले. गमांग तर 2015 मध्ये चक्क भाजपमध्येच दाखल झाले. तरी ते जिथे जातील तिथे ते एक मत त्यांच्या मागे गेलंच.

आता मुंबई. 2014 च्या विधानसभेत 288 पैकी भाजपचे 122, शिवसेनेचे 63, काँग्रेसचे 42 आणि राष्ट्रवादीचे 41 आमदार निवडून आले. शपथेआधीच भाजपच्या एका आमदाराचं निधन झालं, म्हणजे प्रत्यक्षात 121. मतमोजणी पुरती संपलीही नव्हती तेव्हाच प्रफुल्ल पटेल यांनी भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर करून टाकला. ज्या पक्षाने सिंचन घोटाळ्यावरून राष्ट्रवादीविरुद्ध आख्खा प्रचार केला, त्याला त्याच राष्ट्रवादीचा न मागता आलेला पाठिंबा! भाजपने तो ना उघडपणे स्वीकारला, ना झिडकारला. 31 ऑक्टोबरला वानखेडेवर फडणवीसांचा शपथविधी झाला. 12 नोव्हेंबरला हरिभाऊ बागडे अध्यक्षपदी बिनविरोध निवडले गेले, आशिष शेलार यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं, असं झालं आणि ठराव संमत झाल्याचं जाहीर झालं. शिवसेना आणि काँग्रेसचे आमदार मतविभागणी मागत वेलमध्ये उतरले. वेळ निघून गेली होती म्हणे. नंतर राज्यपालांच्या गाडीभोवती धक्काबुक्की झाली आणि काँग्रेसचे पाच आमदार निलंबित झाले. बातम्या त्या धक्काबुक्कीच्या झाल्या. ‘होय’ नेमकं कोणी म्हटलं, ही बातमी कोणालाच करता आली नाही.

दिल्लीत एकेक मत मोजलं म्हणून सरकार पडलं, आणि मुंबईत एकही मत न मोजता सरकार तरलं. पण तुलनेतली खरी मेख पुढेच आहे. मुंबईतलं सरकार मोजणी झाली असती तरी तरलंच असतं. राष्ट्रवादीने बाजूने मत दिलं असतं तर 162, म्हणजे प्रश्नच नव्हता. राष्ट्रवादी तटस्थ राहिली असती तरी विरोधात शिवसेना आणि काँग्रेस मिळून 105, आणि भाजपकडे स्वतःचे 121 शिवाय काही अपक्ष व छोटे पक्ष. मग जिंकणाऱ्याने मोजणीला का भ्यावं? माझं उत्तर असं की आवाजी मतदानाने सरकारला वाचवलं नाही, पाठिंबादाराला वाचवलं. मतविभागणी झाली असती तर कामकाजाच्या नोंदीत राष्ट्रवादीच्या 41 जणांची नावं भाजपच्या रांगेत छापली गेली असती, नाहीतर तटस्थांच्या यादीत. दोन्ही गोष्टी गैरसोयीच्या. पहिलीने राष्ट्रवादीची निधर्मी शाल उतरली असती आणि भाजपचा सिंचन घोटाळ्यावरचा आवाज बसला असता. दुसरीने सरकार खरोखर अल्पमताचं आहे हे आकड्यात लिहिलं गेलं असतं. आहेर तर करायचा, पण आहेराच्या वहीत नाव लिहू द्यायचं नाही, असा तो बेत होता. आणि फायदा ताबडतोब मिळाला. विरोधी बाकांवर बसलेल्या शिवसेनेला कळलं की आपल्यावाचून सरकारचं काही अडत नाही. भाव पडला. 5 डिसेंबरला सेनेचे मंत्री शपथ घेऊन मोकळे झाले. गंमत अशी की 1999 मध्ये वाजपेयी पडले तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते होते शरद पवार. मोजलेल्या मताची ताकद आणि न मोजलेल्या मताची सोय, दोन्ही इतक्या जवळून पाहिलेला दुसरा नेता या देशात क्वचितच असेल.

यावर नियमांवर बोट ठेवणारे म्हणतील की आवाजी मतदान बेकायदा नाही, मतविभागणी वेळेत मागावी लागते आणि विरोधक गाफील राहिले. खरं आहे. नव्याने आलेले आमदार, नवखा विरोधी पक्ष, त्या दिवशी तयारी कमी पडली असेल. पण हा नियम पुरवणी मागण्यांसाठी ठीक आहे. सरकार अस्तित्वात राहावं की नाही, हा प्रश्न कोण किती चपळाईने ओरडला यावर सोडायचा? मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, असं राज्यघटनेचं कलम 164 सांगतं. बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, सभागृहात लागेल, हे बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं. राजभवनातला अंदाज नको म्हणून आपण सभागृहात आलो आणि तिथे अध्यक्षांच्या कानाचा अंदाज पत्करला, तर मिळवलं काय? राज्यसभेत सप्टेंबर 2020 मध्ये कृषी विधेयकं अशीच आवाजावर संमत झाली. वर्षभर रस्त्यावर शेतकऱ्यांचं जे आंदोलन झालं ते त्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण मोजणी झाली असती तर निदान एक तक्रार कमी असती.

अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. मोजणी आली की घोडेबाजार आला. प्रत्येक मताला किंमत असली की प्रत्येक मत विकाऊ होतं. याचा सर्वांत मोठा दाखला नरसिंह राव यांचा. 1991 पासून अल्पमतात असलेलं त्यांचं सरकार 28 जुलै 1993 ला अविश्वास ठरावातून 265 विरुद्ध 251 असं वाचलं, आणि त्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा आरोप झाला. पण हे प्रकरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. मोजणी झाली म्हणून तर कोणाचं मत फिरलं ते कळलं, म्हणून तपास झाला, म्हणून खटला उभा राहिला. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 अशा बहुमताने अजब निकाल दिला की लाच घेऊन ज्यांनी मत दिलं त्यांना संरक्षण आहे, आणि लाच घेतल्याचा आरोप असून ज्याने मतच दिलं नाही त्याला नाही. म्हणजे बेइमानी करावी ती इमानाने! हा निकाल पुसायला 4 मार्च 2024 उजाडावं लागलं, तेव्हा सात न्यायाधीशांनी एकमताने तो रद्द केला. त्या मतदानापासून जवळपास 31 वर्षं लागली, पण शेवट लागला. आवाजी मतदानात काय विकलं गेलं, किंवा काहीच विकलं गेलं नाही, याचा शोध कोणत्या न्यायालयात घेणार? आणि त्याच राव सरकारने अल्पमतात असताना 1991 चा अर्थसंकल्प मांडला आणि पाच वर्षं पूर्ण केली. तेव्हा अल्पमत म्हणजे दुबळेपणा हे समीकरणही आता पुरे करावं.

उरतो 1999 चा खरा दोष. 270 जण पाडायला एकत्र आले, चालवायला आले नाहीत. सोनिया गांधींनी राष्ट्रपती भवनाबाहेर 272 चा दावा केला, मुलायमसिंहांनी साथ दिली नाही आणि देशाला निवडणुकीला सामोरं जावं लागलं. हा आक्षेप मी मान्य करतो. त्यावर जर्मनीचा उपाय सांगितला जातो: पर्यायी चान्सेलरचं नाव सुचवूनच जुन्याला हटवायचं. 1 ऑक्टोबर 1982 ला श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. मध्ये एक दिवसाचीही पोकळी नाही. आपल्या विधी आयोगानेही 1999 च्या 170 व्या अहवालात अशीच शिफारस केली, ती पडून आहे. पण जर्मनीचं गुणगान करणारे 1972 विसरतात. ब्रांट यांना हटवण्याचा तसाच ठराव दोन मतांनी फसला. मतदान गुप्त होतं, आणि निदान एका फुटलेल्या मतामागे पूर्व जर्मनीच्या हेरखात्याचा पैसा होता हे पुढे उघड झालं. तेव्हा पर्यायाची अट जरूर आणा, पण नाव घेऊन, हात वर करून.

जाता जाता माझं जुनं दुखणं. आपल्याकडे एखाद्याने आकडे लपवून सरकार बनवलं की दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रं त्याला ‘चाणक्य’ करून टाकतात. या राज्यात सध्या किमान अर्धा डझन चाणक्य असावेत. चंद्रगुप्त मात्र एकही दिसत नाही. आवाजी मतदान आणि चाणक्यांची पैदास यांचा संबंध पुराव्याने सिद्ध करणं कठीण आहे. पण जिथे मतं मोजली जातात तिथे पत्रकाराला आकडा छापावा लागतो, आणि जिथे मोजली जात नाहीत तिथे कौतुक छापावं लागतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

महाराष्ट्राला मोजता येत नाही असं नाही. त्या पहाटेच्या शपथविधीनंतर नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुलं मतदान आणि थेट प्रक्षेपण असा आदेश दिला, आणि मतदानाची वेळ यायच्या आदल्या दिवशीच फडणवीसांनी राजीनामा दिला. 30 नोव्हेंबरला ठाकरे सरकारला 169 मतं शिरगणतीने मिळाली. 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारने ठराव 164 विरुद्ध 99 असा जिंकला. त्या दोन दिवसांच्या अधिवेशनात शिंदे गटाचे आमदार मत द्यायला उभे राहिले की विरोधी बाकांवरून ‘ईडी, ईडी’ असा गजर होई. असभ्य होतं, पण ज्याला उद्देशून होतं त्याला उभं राहून ते ऐकावं लागलं. मग डिसेंबर 2024 मध्ये प्रचंड बहुमत असलेल्या सरकारने विश्वासदर्शक ठराव पुन्हा आवाजीने संमत करून घेतला. तिथे निकालाबद्दल वाद नव्हताच. म्हणूनच मोजायला काय हरकत होती, हे कळत नाही.

मागणी एका वाक्याची आहे: विश्वास किंवा अविश्वास ठरावावर, कोणी मागो वा न मागो, मतविभागणी झालीच पाहिजे. विधानसभेच्या नियमात एवढी एक ओळ घालायला घटनादुरुस्ती लागत नाही, खर्च लागत नाही. हा बदल कोणी सुचवावा हेही मी सांगतो. 12 नोव्हेंबर 2014 ला ज्या शिवसेनेला मतविभागणी नाकारली गेली, तिचे नेते आणि त्या दिवसापासून सभागृहातले विरोधी पक्षनेते होते एकनाथ शिंदे. त्यानंतर ते स्वतः मुख्यमंत्री झाले, आणि शिरगणतीतून उजळ माथ्याने विश्वासही जिंकले. सत्ताधारी बाकांवरून त्यांनीच हा बदल सुचवावा.