कानाची पारख

व्यापारी पेठेतील जुन्या घराची एक ठरलेली मांडणी असते: खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड. सकाळपासून हातगाड्यांची खडखड, टेम्पोचे भोंगे आणि हमालांच्या हाका थेट माडीवर पोहोचतात. रात्री पेठ निजली की घरातील बारीक आवाजही मोठा वाटू लागतो. अशा घरात सी.ए.च्या परीक्षेची तयारी करणारा नातू दिवसभर संगणकावर व्याख्याने ऐकत असतो, शेजारच्या खोलीत आजी सामायिकास बसलेल्या असतात, आणि एक दिवस घरात मागणी येते, “आजोबा, चांगला हेडफोन घ्यायचा आहे.”

मागणी रास्त असते. खरेदी मात्र बहुधा घाईने होते. कापडाचे ठाण घेताना जो गृहस्थ घडी उलगडतो, पोत चाचपतो, काठ तपासतो, तोच हेडफोन घेताना खोक्यावरील चित्र आणि आकडे पाहून पैसे मोजतो. वस्तुतः हा जिन्नस रोज चार-सहा तास कानांवर बसणार असतो. त्याची पारख कापडापेक्षा अधिक बारकाईने व्हावयास हवी.

पेठेतील घरास योग्य असा प्रकार म्हणजे क्लोज्ड-बॅक, अर्थात बंद पाठीचा हेडफोन. हेडफोनमधील पातळ पडदा थरथरतो तेव्हा आवाज कानाकडे जातो तसाच मागच्या बाजूसही जातो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये मागचा आवाज जाळीतून बाहेर पडतो. त्यामुळे संगीत मोकळे भासते, परंतु बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतला आवाज शेजाऱ्याच्या कानी पडतो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये ही वाट बुजवलेली असते. रस्ता बाहेर राहतो, व्याख्यान आत राहते. मात्र मागे कोंडलेला आवाज वाटीच्या भिंतींवर आपटून परत फिरतो, आणि तो नीट जिरवला नाही तर गायकाचा कंठ डब्यातून आल्यासारखा वाटतो. बंद हेडफोन बनविणाऱ्याचे सारे कसब या परतलेल्या आवाजास आवरण्यात असते.

ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत वर्षानुवर्षे वापरात असलेले तीन बंद हेडफोन तुलनेसाठी घेण्याजोगे आहेत: जपानच्या सोनीचा एमडीआर-७५०६, जपानच्याच ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स आणि जर्मनीच्या बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. सोनीचा नमुना १९९१ पासून बाजारात आहे, डीटी ७७० त्याहूनही जुना, तर एम५०एक्स हा २००७ च्या एम५० ची २०१४ मधील सुधारित आवृत्ती. इतकी वर्षे एकच नमुना विकला जावा, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेत भरण्यासारखी आहे.

तिघांचा स्वभाव भिन्न आहे. सोनीचा आवाज स्वच्छ आणि थोडा तीक्ष्ण. बोलणाऱ्याचे प्रत्येक व्यंजन वेगळे ऐकू येते, मुद्रणातील खरखर वा श्वासही लपत नाही. व्याख्यानासाठी हा गुण, पण जुन्या, घासलेल्या ध्वनिमुद्रणासाठी हाच दोष ठरतो. एम५०एक्सचा खर्ज अधिक भरदार. तबल्यातील डग्ग्याची घुमार त्यावर उठून येते, वरचे स्वरही चमकतात, आणि त्या मानाने मधला कंठस्वर किंचित मागे सरतो. डीटी ७७० चा खर्ज खोलवर जातो आणि बंद हेडफोन असूनही त्यात वाद्यांमध्ये अंतर असल्याचा भास होतो. परंतु ‘स’ आणि झांजेचा नाद काही कानांना टोचतो. यांपैकी एक श्रेष्ठ व दोन कनिष्ठ असे नाही. रोज काय ऐकायचे आहे, हे ठरल्याशिवाय निवड होऊ शकत नाही.

तुलना करताना एक फसगत हमखास होते. दोन हेडफोनपैकी जो अधिक मोठ्याने वाजतो, तोच कानास सरस वाटतो. फोनवरील आवाजाची पातळी न बदलता हे तीन आळीपाळीने लावले तर सोनी सर्वांत मोठा, डीटी ७७० सर्वांत हळू ऐकू येईल, कारण तेवढ्याच विजेवर कमी-अधिक वाजण्याची त्यांची क्षमता निरनिराळी आहे. म्हणून प्रत्येक वेळी पातळी कमी-जास्त करून तिन्हींचा आवाज कानास सारखा करावा आणि मगच गुणदोष पाहावेत. ऐकण्यासाठी दुकानदाराने लावलेले झगमगते गाणे घेऊ नये. शेकडो वेळा ऐकलेले आपल्याच आवडीचे एखादे स्तवन, तानपुऱ्यावरचे गायन आणि ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे, एवढे पुरे. परिचित कंठ जर परका वाटला, तर हेडफोन काहीतरी पदरचे घालत आहे असे समजावे.

दुसरी फसगत आकड्यांची. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत मिळतो. ओहम हा प्रतिचा दर्जा नव्हे. तो विजेस होणाऱ्या विरोधाचा आकडा आहे. अधिक मोठा आकडा म्हणजे अधिक चांगला माल, अशा समजुतीने २५० ओहमचा घेतला तर साध्या फोनवर तो क्षीण वाजतो आणि स्वतंत्र अँप्लिफायरचा खर्च मागून येतो. फोनवर वा लॅपटॉपवर ऐकणाऱ्यास ३२ ओहमची आवृत्ती सोयीची. सोनी ६३ आणि एम५०एक्स ३८ ओहमचा असल्याने ते फोनवर सहज चालतात. मात्र अनेक नव्या फोनना हेडफोनचे गोल छिद्रच उरलेले नाही. तेव्हा जोडणीचा लहान अडॅप्टर हिशेबात धरावा.

आता बांधणी. येथे आजोबांची नजर नातवाच्या कानाइतकीच उपयोगी. हेडफोनचा आतला पडदा सहसा लवकर बिघडत नाही. झिजतात त्या गाद्या, तुटते ती वायर, सैल होते ती डोक्यावरची पट्टी. सोनी सुमारे २३० ग्रॅमचा, हलका आणि घडी होणारा. पण त्याच्या पातळ गाद्यांचे कृत्रिम कातडे रोजच्या वापराने पापुद्रे सोडू लागते, आणि गुंडाळीची वायर हेडफोनला कायमची जोडलेली असते. एम५०एक्स सुमारे २८५ ग्रॅमचा. तोही घडी होतो, त्याची वायर सोडवून बदलता येते आणि सोबत तीन निरनिराळ्या वायरी मिळतात. डीटी ७७० सुमारे २७० ग्रॅमचा. त्याची घडी होत नाही, वायरही सुटत नाही. परंतु पट्टी पोलादी आहे आणि गाद्या, पट्टीचे वेष्टन, इतकेच नव्हे तर आतले भागही सुटे मिळतात. प्रवासात नेण्याची वस्तू आणि मेजावर दहा वर्षे टिकवायची वस्तू, या दोन निराळ्या खरेद्या आहेत.

गादीकडे अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराने विशेष लक्ष द्यावे. काही महागड्या हेडफोनच्या गाद्या खऱ्या कातड्याच्या असतात. मास्टर अँड डायनॅमिकच्या एमएच४० मध्ये कोकराचे कातडे वापरले आहे. ‘प्रोटीन लेदर’ हे नाव तर अधिक गोंधळात टाकणारे. ते कृत्रिम कातडे म्हणून विकले जाते, पण त्यात प्रथिनांची पूड मिसळलेली असू शकते आणि ती अंड्याच्या कवचाआतील पापुद्र्यापासूनही केली जाते. फॉस्टेक्सच्या टीएच९०० च्या गाद्यांत असाच पदार्थ आहे. ‘कृत्रिम’ हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नये. गादी कशाची, हे लेखी विचारून घ्यावे. डीटी ७७० च्या ८० आणि २५० ओहमच्या आवृत्त्यांच्या गाद्या मखमलीसारख्या कापडी आहेत, ३२ ओहमच्या आवृत्तीच्या मात्र कृत्रिम कातड्याच्या; कापडी गाद्या हव्यात तर तसे पाहून घ्यावे. त्यांचे पापुद्रे निघत नाहीत आणि आपल्या उन्हाळ्यात कानाभोवती घामही कमी साचतो.

गादीचे आणखी एक महत्त्व आहे. बंद हेडफोनचा खर्ज सर्वस्वी तिच्या बसण्यावर अवलंबून असतो. चष्म्याची काडी वा केसांची बट मध्ये आली तरी फट पडते, खर्ज निसटतो आणि रस्ता आत शिरतो. म्हणून चष्मा लावणाऱ्याने चष्मा लावूनच हेडफोन पाहावा, आणि निदान अर्धा तास डोक्यावर ठेवावा. पाचव्या मिनिटास घट्ट वाटणारी पकड तिसाव्या मिनिटास कानशिले दुखवू लागते.

या साऱ्या खटाटोपाचे कारण शेवटी एकच: नातवाचे कान. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. हा चक्रवाढीचा हिशेब पेढीवरच्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. खिडकीखाली भोंगा वाजला की ऐकणारा नकळत आवाज वाढवतो आणि भोंगा थांबल्यावर कमी करण्यास विसरतो. बंद हेडफोनचे खरे मोल येथे आहे. डीटी ७७० बाहेरचा गोंगाट सुमारे १८ डेसिबलने घटवतो, असे त्याची कंपनी सांगते. बाहेरचे जितके अडेल, तितके आतले हळू ऐकता येते. जो हेडफोन भर बाजारात, हळू आवाजात, व्याख्यानाचा प्रत्येक शब्द ऐकवतो, तो त्या घरासाठी चांगला.

म्हणून शक्य असेल तर शेवटची परीक्षा दुकानात नव्हे, घरी घ्यावी. परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी आणि या नमुन्यांची नक्कलही विकली जात असल्याने पक्के बिल व हमीपत्र यांवाचून माल उचलू नये. मग सकाळी अकरा वाजता, पेठ ऐन भरात असताना, माडीवरच्या खिडकीशी बसून व्याख्यान लावावे आणि आवाज हळूहळू खाली आणावा. सर्वांत खालच्या पातळीवर ज्यात शब्द स्पष्ट राहतील, तो ठेवावा. त्या पातळीची खूण नातवाने लक्षात ठेवावी, आणि एका सामायिकाइतका, म्हणजे ४८ मिनिटांचा, अभ्यास झाला की हेडफोन काढून थोडा वेळ कान मोकळे सोडावेत. त्याच अवकाशात आजीची हाकही ऐकू येईल.