गावच्या शाळेचा धनी कोण ?

कमी पटाच्या शाळांचे काय करावयाचे, हा प्रश्न २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रापुढे उघडपणे आला. वीस किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या सुमारे १५,००० शाळा त्या वेळी राज्यात होत्या, आणि त्या एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले. ओरड होताच, शाळा बंद करण्याचा हेतू नाही असा खुलासा सरकारतर्फे करण्यात आला. तो खरा मानावयास आम्ही तयार आहो. तथापि प्रस्ताव कोणी कोणाकडून मागविले, ही गोष्ट आम्हांस त्या खुलाशापेक्षा अधिक बोलकी वाटते. वरच्या अधिकाऱ्यांनी ते खालच्या अधिकाऱ्यांकडून मागविले. गाव या पत्रव्यवहाराच्या बाहेरच राहिले.

हे आज प्रथमच घडत आहे असे मात्र नाही. मुंबई इलाख्यात खेड्यापाड्यांतून सरकारी शाळा पूर्वीही होत्या. पण त्यांच्या खर्चाची कायमची तरतूद झाली ती शेतकऱ्याच्या खिशातून. १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' बसला व १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जावयाचा. म्हणजे शाळेची वर्गणी कुणब्याने आधी भरली, मग त्याच्या गावात शाळा असो वा नसो ! १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी नेमके या वर्मावर बोट ठेवले. रयतेच्या घामातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, रयतेच्या मुलांपर्यंत तो पोचत नाही, ही त्यांची तक्रार. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावे, शेतीचेही काही पाठ द्यावे, ही त्यांची मागणी. या मागणीस वरिष्ठ सरकारच्या दरबारी काय किंमत होती, हे पुढे तीस वर्षांनी दिसले. सक्तीच्या शिक्षणाचे नामदार गोखल्यांचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. जे कलकत्त्यास झाले नाही ते कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली करून दाखविले, हे वेगळे सांगावयास नकोच.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे शाळेच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा इतिहास. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा नगरपालिका व जिल्हा लोकल बोर्डे यांच्या ताब्यात आल्या आणि स्कूल बोर्डे अस्तित्वात आली. आमच्या शहरी वाचकांपैकी अनेकांचे वडील वा आजोबा याच बोर्डाच्या शाळेत, चावडीत नाही तर मारुतीच्या देवळात, धुळाक्षरे गिरवून पुढे आले असतील. बोर्डांत राजकारण शिरले, मास्तरांच्या बदल्या ही सभासदांच्या हातची काठी झाली, हेही खरे. उपाय म्हणून १९३८ च्या दुरुस्तीने प्रशासनाधिकारी सरकारी नोकर झाला. १९४७ च्या कायद्याने बोर्डे ठेवली, पण सरकारची पकडही ठेवली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या व स्कूल बोर्डांचे काम त्यांच्याकडे गेले. पुण्या-मुंबईतून निघालेला कागद जिल्ह्याच्या गावी पोचला, एवढा लाभ निश्चित झाला. गावापर्यंत मात्र तो आलाच नाही.

गावास पहिल्यांदा कायदेशीर स्थान मिळाले ते १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा समितीने करावयाचा. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत हवी. आता या किलोमीटरचेच पाहा. वाडीवरून निघणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो, तेव्हा नकाशावरचे अंतर आणि पायाखालचे अंतर एक राहत नाही. गाडी देऊ, असे सांगण्यात येते. गाडी पहिली दोन वर्षे येईल. अनुदान थकले, चालक गेला, की मुलगा सायकलीने जाईल आणि मुलगी घरी राहील. हे समजण्यास कोणत्याही आयोगाची गरज नाही.

चार मुलांची शाळा आदर्श आहे, असा आमचा आग्रह नाही. खेळगडी नाहीत, चार इयत्तांना एकच मास्तर आणि तोही निम्मा वेळ माहिती भरण्यात गुंतलेला, अशा शाळेपेक्षा पानशेतच्या समूह शाळेसारखी मोठी शाळा काही पालकांना हवीशी वाटेलही. तसे असेल तर त्यांना ते म्हणू द्यावे. आपली मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत धाडण्याचे आम्ही शहरवासी केव्हाच सोडून दिले. निदान ज्यांची मुले तेथे बसतात त्यांच्या वतीने बोलण्याचा मक्ता तरी आम्ही वा सचिवालयाने घेऊ नये.

यासाठी नवा कायदाही करावयास नको. कोणत्याही शाळेच्या समायोजनाचा प्रस्ताव आला, तर त्यास त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा व ग्रामसभेचा लेखी ठराव जोडलेला असावा, वाहनाची सोय किती वर्षांसाठी व कोणाच्या पैशातून हे त्यात नमूद असावे, आणि असा ठराव नसेल तर शिक्षण आयुक्तांनी तो प्रस्ताव विचारात न घेता जिल्ह्यास परत पाठवावा. एका परिपत्रकाने हे काम होण्याजोगे आहे, आणि परिपत्रके काढणे या खात्यास कधीच जड गेलेले नाही.