एका पानाच्या दहा प्रती कशाला?

जातपडताळणीला अनुसूचित जातीच्या पोरांकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्या गोंदियाकडे तो बहुधा कोतवाल पंजीत सापडतो. (नोंदी सांगणारा कोतवाल पुष्कळदा आमच्याच समाजाचा, हेही लक्षात असू द्या.) गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, जुने दप्तर भंडाऱ्याच्या नावाचे. नकलेसाठी बापाची मजुरी बुडते.

मोठ्या बहिणीने जोडलेले आजोबाचे पान धाकट्याने पुन्हा आणायचे, पुन्हा स्कॅन करायचे. मग संगणक घेतला कशाला? पान एकदाच साठवा, सूचीत गाव, साल, पान क्रमांक टाका आणि प्रत्येक वारसाचा अर्ज त्याच पानाला जोडा. तीच फाइल पुन्हा आली तर तिचा हॅश तोच निघतो, यंत्र ओळखते. नव्याने स्कॅन केले की हॅश बदलतो, म्हणून पान क्रमांक हवाच.

पण दुबार नोंदी काढायच्या म्हणून कुणी नुसती नावे जुळवणार असेल, तर आमचा ठाम विरोध आहे. जुन्या पंजीत आमच्या माणसाला बहुधा आडनाव नाही, नुसते नाव आणि जात. एका गावात दोन सोमा महार असू शकतात. त्यातला एक ‘डुप्लिकेट’ ठरवून पुसला, तर एका घराण्याचा पुरावाच गेला. पुसण्याआधी मूळ पान उघडा, त्या घराला नोटीस द्या.