मोठा सर्व्हर मागण्याआधी

एका डेटाबेसमधला डेटा दुसऱ्यात नेणारी स्क्रिप्ट रात्रभर चालूनही संपली नाही, की सकाळी मोठ्या सर्व्हरची मागणी होते. मला ही मागणी पटत नाही. स्क्रिप्ट चालू असताना प्रोसेसरचा प्रत्येक कोअर जेमतेम पाच-दहा टक्के वापरात असेल, तर ती कामात नाही, कशाची तरी वाट बघत बसली आहे. आणखी चार कोअर दिले तरी ती तशीच बसणार.

कशाची वाट, हे डेटाबेसच सांगतो. पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडून त्या कनेक्शनचा वेट इव्हेंट पुन्हा पुन्हा बघा. सारखं 'क्लायंटरीड' दिसलं, तर डेटाबेस रिकामा बसलाय आणि स्क्रिप्टच्या पुढच्या हुकमाची वाट बघतोय. 'वॉलसिंक' दिसलं, तर वेळ कमिट डिस्कवर उतरवण्यात जातोय.

पहिल्या प्रकारात बहुतेकदा एकेक ओळ स्वतंत्र इन्सर्टने जात असते. नेटवर्कवरची एक फेरी 1 मिलिसेकंदाची धरली तरी 10 लाख ओळींना 1,000 सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून जास्त, नुसत्या येण्याजाण्यात जातात. सर्व्हर दूरच्या शहरात असेल आणि फेरी 20 मिलिसेकंदांची असेल, तर साडेपाच तास. त्यात ऑटोकमिट चालू असेल तर दर ओळीला कमिट होऊन दुसरं दुखणंही जडतं. पायथनच्या सायकोपीजी2मधल्या 'एक्झिक्यूटमेनी'वर विसंबू नका. तेही आतून एकेक ओळच पाठवतं. पोस्टग्रेसमध्ये 'कॉपी', मायएसक्यूएलमध्ये 'लोड डेटा' याच कामासाठी दिलेले आहेत.

सुरुवातीला सुसाट आणि पुढे पुढे रडतखडत चालणाऱ्या स्क्रिप्टचा आजार वेगळा. ती बहुतेकदा ऑफसेट देऊन पानापानाने वाचत असते. दर पानाला डेटाबेस मागच्या सगळ्या ओळी पुन्हा ओलांडतो. शेवटचा आयडी लक्षात ठेवून त्याच्या पुढचं मागितलं की हा त्रास संपतो. पण वेग घसरतोय हे कळणार कसं? म्हणून दर 10 हजार ओळींना लागलेला वेळ लॉगमध्ये लिहिणं मी सक्तीचं करेन. वाचायला किती आणि लिहायला किती, हे वेगवेगळं.

लिहिणंच संथ असेल, तर इंडेक्स काढून डेटा भरणं आणि नंतर ते बांधणं, हा उपाय रिकाम्या टेबलासाठी उत्तम. चालू टेबलावर तो करू नये. त्या इंडेक्सवर इतरांच्या क्वेरी जगत असतात. फॉरेन कीच्या बाबतीत तर मी आणखी सावध राहीन. काढलेली की परत लावण्याची ओळ त्याच स्क्रिप्टमध्ये असेल, तरच ती काढायला माझी हरकत नाही.