अर्धी मैना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हा दोघांना नुकताच आला. समूहगीतांच्या फेरीत 'माझी मैना गावाकडं राहिली' सादर झाले. ढोलकी कसलेली होती, मुख्य गायकाचा आवाज मोकळा होता, मागे झील धरणाऱ्या मुलामुलींनी सूर सांभाळला होता. गाणे मैनेच्या रूपवर्णनाने रंगले, नायक मुंबईला निघण्यापर्यंत आले आणि तिथेच ध्रुवपद तीनदा आळवून थांबले. टाळ्या पडल्या. आम्हीही गुण दिले, आणि हात आखडता न घेता दिले. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र गाण्यापुढे 'पारंपरिक प्रेमगीत' असे छापलेले होते. कवीचे नाव नव्हते.

चहाच्या वेळी आम्ही मुलांना विचारले, की पुढचा भाग का गाळला? मुख्य गायकाने प्रामाणिकपणे उलट विचारले, "पुढे आहे का काही, सर?"

या मुलांवर आमचा राग नाही. त्यांनी जे ऐकले तेच गायिले. आमचा आक्षेप त्यांना जे ऐकवले गेले त्यावर आहे. गेली कित्येक दशके रंगमंचांवर, ध्वनिफितींवर, वाहिन्यांच्या गाणाऱ्या स्पर्धांत आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हे गाणे बहुतेक वेळा असेच अर्धे गायिले जाते आणि त्याला 'अण्णा भाऊंना मानवंदना' म्हटले जाते. आमच्या मते ही मानवंदना नव्हे. गाण्याचे तोंड ठेवून जीभ कापण्याचा हा प्रकार आहे.

हे गाणे काय आहे, ते आधी सांगायला हवे. कारण साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही ते आज सांगावे लागते, असा आमचा अनुभव आहे. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी जन्मले. लहानपणी कुटुंबासह पायी चालत ते मुंबईला आले, गिरणीत राबले, कम्युनिस्ट चळवळीत वाढले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, त्या लढ्याच्या धामधुमीतले हे गाणे. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ते मैदानामैदानांत पोचवले. प्रकार छक्कड, म्हणजे लावणीच्याच घरातला.

लावणीत विरह नवा नाही. पण तिथला घरधनी बहुधा स्वारीवर किंवा चाकरीला गेलेला असतो आणि विरहिणी माडीवर वाट पाहत असते. अण्णा भाऊंनी ही मांडणी उलटी केली. इथे बोलतो तो पुरुष, आणि ताटातूट घडवते ती गरिबी. शिदोरी भाकरीची आहे, निघण्याची वेळ पहाटेची आहे, आणि बायकोला घालायच्या दागिन्यांची नुसतीच वचने आहेत. हा माणूस ती पुरी करू शकणार नाही हे ऐकणाऱ्याला कळते, बहुधा त्यालाही कळत असते. मग मुंबई येते. लखलखाटाची आणि लुटारूंची मुंबई, जिथे या माणसाच्या पोटाचीच भ्रांत आहे. इथवरचा भाग नुसता वाचला तरी तो 'शृंगारिक' म्हणायला कोणी धजावू नये. आणि मग कवी वळतो. जी गत माझी आणि मैनेची, तीच या तोडलेल्या महाराष्ट्राची, असे तो सांगतो. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव अशी नावे घेतो, परळ, लालबाग आणि फाउंटनच्या रस्त्यांवरच्या लढाईची आठवण देतो, आणि ऐकणाऱ्यांना एकीसाठी हाक घालतो.

अलंकारशास्त्राच्या तासाला आम्ही उपमेय आणि उपमान यांतला भेद फळ्यावर लिहून शिकवतो. या गाण्यात मैना हे उपमान आणि महाराष्ट्र हे उपमेय. अर्धी मैना गाणारे उपमान ठेवतात आणि उपमेय फेकून देतात. मग जे उरते ते छान असते, त्याबद्दल वाद नाही. पण ते त्या कवितेचे नसते. यावर कोणी म्हणेल, की मैना नुसते रूपक आहे असे मानणे हाही तिच्यावर अन्यायच. मान्य आहे. वाटेगावाहून चालत आलेल्या माणसाला गावाकडे राहिलेली बायको हा अलंकार वाटत नव्हता. या गाण्याची खरी ताकद तिथेच आहे, की एका मजुराच्या घरातले दुःख आणि नकाशावरची रेघ ही दोन्ही एकाच श्वासात खरी ठरतात. म्हणूनच एक काढले की दुसरेही लंगडे होते. राजकारण काढून टाकल्यावर मैनेचा नवरा मुंबईला का गेला, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. तो गेला, एवढेच. आणि ती देखणी होती.

एकाचे गाणे दुसऱ्याने गावे की नाही, याबद्दल आमचे काही सोवळेपण नाही. इंग्रजीत ज्याला 'कव्हर' म्हणतात त्या प्रकाराने मूळ गाणे मोठे झाल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतात 'रिस्पेक्ट' हे गाणे ओटिस रेडिंगने स्वतः लिहून १९६५ साली गायिले. त्यात घरी परतणारा पुरुष बायकोकडून मान मागतो. १९६७ साली ॲरेथा फ्रँकलिनने तेच गाणे घेतले. बोलणारी आता स्त्री झाली. तिने मूळ शब्दाची अक्षरे एकेक करून उच्चारणारा नवा भाग घातला, बहिणींना मागे साथीला उभे केले, आणि घरातल्या मानाची मागणी नागरी हक्कांच्या आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळींचे गाणे होऊन बसली. आज ते गाणे जग ॲरेथाचे म्हणूनच ओळखते, आणि त्यात रेडिंगचा अपमान नाही. तिने गाण्याला काही दिले.

याच्या उलट उदाहरणही त्याच देशातले आहे. लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे 'टुटी फ्रुटी' १९५५ साली आले. पुढच्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाने ते सोज्वळ करून, शब्द बदलून गायिले, आणि लोकप्रियतेच्या यादीत बूनची आवृत्ती मूळ गाण्याच्या वर गेली. काळ्या माणसाचा ताल हवा, काळा माणूस नको, असा तो व्यवहार होता. आपल्याकडेही चित्रपटवाल्यांनी हे करून दाखवले आहे. २०१६ चा 'सैराट' २०१८ साली हिंदीत 'धडक' झाला तेव्हा 'झिंगाट' तसेच्या तसे नव्या शब्दांत गेले, संगीतकारही तेच; कथेच्या बुडाशी असलेली जात मात्र पुसट होऊन गेली. विद्यार्थ्यांना हे उदाहरण चटकन कळते. असो.

मैनेची गत या दोहोंहून निराळी आहे. बूनने निदान शब्द बदलले, म्हणून त्याला पकडता येते. इथे एक अक्षरही बदललेले नाही. गायक फक्त अलीकडे थांबतो. चोरी झाली तर माल कुठे गेला ते विचारता येते. इथे माल घरातच आहे, छापील पुस्तकात आहे, शासनाने काढलेल्या निवडक वाङ्मयातही आहे, आणि तरी तो कोणाच्या कानावर पडत नाही. वर पत्रिकेवर 'पारंपरिक' छापले, की कवीही गेला. मातंग समाजात जन्मलेला, कम्युनिस्ट म्हणून जगलेला, १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करणारा आणि १८ जुलै १९६९ रोजी विपन्नावस्थेत गेलेला एक माणूस 'परंपरा' या प्रशस्त शब्दाखाली झाकला जातो. टपाल तिकीट २००२ साली निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. गाणे अर्धेच राहिले.

याचे समर्थन करणारे विद्वानही आम्हाला भेटतात. लोककलेत संहिता पक्की नसते, असे ते म्हणतात; शाहीर समोरचा जमाव बघून कडवी घालतो, गाळतो, तेव्हा तुमचा हा आग्रह पुस्तकी आहे. शाहीर गाळतो हे खरे. पण तो गाळतो ते धार लावण्यासाठी. गिरणगावातल्या सभेत अमर शेखांनी रूपवर्णन आवरते घेऊन थेट फाउंटनवर यावे, हे आम्ही समजू शकतो. गेली कित्येक वर्षे सगळे गायक, सगळ्या मंचांवर, सगळ्या प्रकारच्या श्रोत्यांपुढे नेमका तोच भाग गाळतात, याला लोककलेची लवचीकता म्हणता येत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटेच मावत, हे कारण कधी काळी खरे असेल. ज्या सादरीकरणात नुसती ढोलकीची सलामी पाच मिनिटे चालते, तिथे ते कोणी सांगू नये.

दुसरा बचाव असा, की तो भाग शिळा झाला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, गोवा १९६१ साली पोर्तुगीजांकडून सुटला, आता त्या यादीचे काय? पण सीमाभाग तर महाराष्ट्रात आला नाही. महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितले, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि गोव्याने जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. म्हणजे कवीची एक मागणी इतिहासाने अडवली आणि दुसरी खुद्द त्या लोकांनीच नाकारली. याहून जिवंत पाठ्यवस्तू वर्गात नेण्यासाठी आणखी कोणती हवी?

तिसरा आक्षेप खास आमच्या मुलखातला आहे, आणि तोच आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हाला सुनावले, "तुम्ही यवतमाळात बसून संयुक्त महाराष्ट्राचे गाणे पुरे गायला सांगता? ते गाणे आपले होते कधी?"

प्रश्न रास्त आहे. लोकनायक बापूजी अणे आमच्याच जिल्ह्यातल्या वणीचे. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करणारे, संस्कृतात टिळकांवर महाकाव्य लिहिणारे अणे वेगळ्या विदर्भाचे खंदे पुरस्कर्ते होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला पडली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो. अणे १९६२ साली नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हाही त्यांनी ती मागणी सोडलेली नव्हती. अण्णा भाऊ ज्या एकसंध महाराष्ट्राच्या विरहाने व्याकूळ होतात, त्यात आमच्या आजोबांची संमती गृहीत धरलेली आहे. मुंबईचा शाहीर बेळगावसाठी रडतो, आणि वणीचा म्हातारा म्हणतो, आम्हाला तुमच्या घरात यायचेच नाही. दोघेही मराठीच बोलतात.

पण म्हणूनच आम्हाला ते गाणे पुरे हवे आहे. अर्ध्या गाण्याशी अण्यांना भांडता येत नाही. अर्ध्या गाण्यात भांडण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. एक सुंदर बाई आहे आणि टाळ्या आहेत. सहकाऱ्यांचा आक्षेप ज्या भागावर आहे तो भागच त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऐकलेला नसेल, तर ते आक्षेप घेणार कुणापुढे? कविता पुरी वाचणे म्हणजे तिला शरण जाणे नव्हे, हे वाङ्मयाच्या अध्यापकांना तरी सांगावे लागू नये. आणि पहिल्या भागाचे म्हणाल, तर तो आमच्याइतका कोणाला लागू पडावा? पुसद-उमरखेडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या आणि कापूस पदरात काही टाकत नाही म्हणून पुण्या-हैदराबादची वाट धरणाऱ्या घरांतली मुले आमच्या वर्गात बसतात. 'पारंपरिक प्रेमगीत' म्हणून त्यांना ते गायला लावणे ही तर थट्टा झाली.

त्या स्नेहसंमेलनानंतर आम्ही बी.ए. द्वितीय वर्षाच्या वर्गात ते गाणे छापील पुस्तकातून शेवटपर्यंत वाचून घेतले. चाल लावू दिली नाही, नुसते वाचायचे. वळणाच्या जागी आल्यावर वाचणारी मुलगी थबकली आणि मागच्या ओळींकडे परत गेली. एकाने विचारले, उंबरगाव कुठे आहे? नकाशा काढावा लागला. वणीकडचा एक मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "सर, हे लिहिणाऱ्याने आम्हाला विचारलं होतं का?" त्यावर पुसदची एक मुलगी उसळून उठली, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी दोघे खाली बसायला तयार नव्हते. पुढचा तास इतिहासाचा होता. ते सर दारात उभे राहून बराच वेळ ऐकत होते. मग आत येऊन त्यांनी खडू हातात घेतला आणि फळ्यावर १९५५ असा आकडा लिहिला.